चंद्राला ओवाळताना

अंजनाबाईंनी काडी ओढली आणि प्रेमिला सिस्टरनं धावत येऊन ती फुंकरीनं विझवली.

"काहून वं?" अंजनाबाई भडकल्या. "भाऊबीज हाये. भावाले ओवाळून राहिली मी, घर नाही पेटवून राहिली!"

"घरच पेटेल, बाई. ऑक्सिजन सुरू आहे."

ओवाळून घ्यायला मारोतराव टोपी घालून उशांना टेकून बसले होते. कन्हानच्या खाणीतल्या कोळशानं अर्धी छाती खाल्ली, उरलेली बिड्यांनी. नाकात नळी, दवाखान्याच्या खाटेशेजारी माणसाएवढं सिलिंडर.

"दोन मिनिटं बंद करा न, सिस्टर," ते धापा टाकत म्हणाले. "लई वर्सानं आली ताई."

"बंद केला तरी चादरीत, कपड्यांत राहतोच तो. आणि तुम्हाला दोन मिनिटं झेपायची नाहीत." सिस्टरचा आवाज उतरला. "मलाही बरं वाटत नाही हो नाही म्हणायला."

भाचीच्या लग्नाचं आमंत्रण शेजाऱ्याच्या हाती आलं म्हणून मारोतराव रुसले होते, आणि मामाच लग्नाला आला नाही म्हणून अंजनाबाई. अंजनाबाईंची वाडी ते मारोतरावांचं कन्हान, अंतर ते काय! पण दोघांच्याही नाकावर माशी बसत नव्हती. भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. तसं अंजनाबाई दरवर्षी गच्चीवर जाऊन ओवाळत, आणि शेजारणींनी विचारलं तर सांगत, "भाऊ लांब राह्यते."

न पेटवलेल्या निरंजनानं ओवाळायला त्यांचं मन धजेना. भावाला कुंकू लावून त्यांनी ताट उचललं.

"अंगणात जा," सिस्टर म्हणाली. "पण खिडकीपासून लांब."

दिवेलागण झाली होती. कडुनिंबावर बीजेची कोर दिसत होती. अंजनाबाईंनी फाटकाशी जाऊन निरंजन लावलं आणि त्या ओवाळू लागल्या. बाहेरच्या ओट्यावर कुणा रोग्याची बायको डबा घेऊन बसली होती.

"भाऊ लांब राह्यते काय वं, बाई?" तिनं मायेनं विचारलं.

वर्षानुवर्षांचं उत्तर ओठांवर आलं. अंजनाबाईंनी मान वळवली. खिडकीच्या गजांआड मारोतराव टोपी सारखी करून, मान लववून, डोळे मिटून बसले होते.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "जवळच होता. मीच लांब ठेवला."