चित्राखालच्या ओळी

हाडांच्या विभागात प्लास्टर घालणारे जे गृहस्थ होते त्यांना सगळं रुग्णालय मास्तर म्हणायचं. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण एकतीस वर्षं ते लोकांचे मोडलेले हातपाय ओल्या पट्ट्यांत गुंडाळून सरळ करत आले होते, आणि नवे डॉक्टरसुद्धा कुठे अडलं की गुपचूप त्यांच्याच खोलीत डोकावायचे. मास्तर कुणाला चारचौघांत चुकलं म्हणाले नाहीत. नुसते उठायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "जरा मला बघू द्या."

मी तिसऱ्या मजल्यावर, विभागाच्या कार्यालयात. पत्रं, अहवाल, तपासण्यांच्या याद्या टाइप करायचं काम माझं. कॉम्प्युटरमधलं कळणारी बाई अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडायची, खोटं कशाला बोलू. कुणाची फाईल उघडेना, कुणाची अक्षरं चौकोन होऊन बसली, की "तिला विचारा". मी जायची, दोन बटणं दाबायची आणि काय केलं ते न सांगता परत यायची.

मास्तरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो, ठरवलं की या माणसाच्या हातातलं कसब कागदावर उतरलं पाहिजे. शिकाऊ मुलामुलींसाठी एक छोटी पुस्तिका. मास्तरांनी सांगायचं, मी टाइप करायचं.

दोन महिने रोज दुपारी मास्तर वर यायचे आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून सांगायचे. लिहिण्याची त्यांना सवय नव्हती, पण बोलणं इतकं नेमकं की मला क्वचितच काही बदलावं लागलं. पट्टी ओली असताना बोटांच्या टोकांनी दाबायची नाही. बोट रुततं, आतून उंचवटा येतो, आणि तो पेशंटच्या कातडीला टोचत राहून जखम करतो. तळहाताने दाबायचं, आणि तळहात एका जागी थांबू द्यायचा नाही. हे सांगताना त्यांचे हात हवेत फिरायचे. फोटोही त्यांच्याच हातांचे काढले, प्रत्येक कृतीचे दोन दोन. पानाच्या वरच्या अर्ध्यात करू नये तसा, त्याखाली ओळ, 'चुकीची पद्धत'. खालच्या अर्ध्यात करावा तसा, त्याखाली 'योग्य पद्धत'. बारा पानं, चोवीस फोटो. फिकट हात आणि पांढरं प्लास्टर. ज्याला त्यातलं कळत नाही त्याला सगळे सारखेच दिसावेत असे.

आता मी काय केलं ते नीट सांगते. फोटो मी मजकुरातच बसवले होते, म्हणजे वर काही वाढलं की ते अक्षरांसारखे खाली सरकणार. पण खालच्या ओळी मनासारख्या बसेनात. म्हणून प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत टाकली, माउसने ओढत फोटोखाली आणली आणि तिची पानावरची जागा पक्की करून टाकली. फोटो आणि त्याची ओळ एकमेकांना कुठेच बांधलेली नव्हती. दोन्ही एका तक्त्याच्या घरात ठेवावीत, म्हणजे कुठेही गेली तरी बरोबर जातात, हे मला चांगलं ठाऊक होतं. इतरांना ते मीच सांगायची. पण चोवीस वेळा कोण करत बसणार, म्हणून कंटाळा केला.

पहिली प्रत मास्तर घरी घेऊन गेले. तीन दिवसांनी परत आणली तेव्हा प्रत्येक फोटोशेजारी पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण होती, आणि शेवटी 'सर्व ठीक' लिहून सही. चोवीसच्या चोवीस खुणा. "आयुष्यात पहिल्यांदा काही छापून येतंय माझं," ते म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. छपाईला देण्याआधी एकदा दाखव, असंही जाताना सांगून गेले.

छपाईच्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी आपलं मनोगत पाठवलं. जेमतेम अर्धं पान. मी ते सगळ्यात वर चिकटवलं. लगेच एक 'चुकीची पद्धत' मोठ्या डॉक्टरांच्या सहीखाली येऊन बसलेली दिसली. मला हसू आलं. तिच्या खालच्या फोटोला आधीच एक ओळ होती, म्हणून ही मी कापून घेतली. शेवटचा फोटो नव्या पानावर गेला होता आणि त्याखाली ओळच नव्हती, तिथे ती चिकटवली. दोन्ही टोकं जुळली, मधली पानं भराभर खालीवर केली. प्रत्येक फोटोखाली एक ओळ होती, कुठे फट नाही, कुठे काही एकमेकांवर चढलेलं नाही. छपाईच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'लेखकाने अंतिम प्रत तपासली आहे.' खाली प्लास्टरच्या खोलीबाहेर रांग लागलेली होती. त्यांनी पाहिलंच आहे की, असं मनाशी म्हणत मी त्या रकान्यात खूण केली.

झालं होतं ते असं. फोटो अर्धं पान सरकले होते आणि ओळी जागच्या जागी होत्या. चुकीचा फोटो खाली उतरून 'योग्य पद्धत'वर बसला, आणि बरोबर फोटो पुढच्या पानावर जाऊन 'चुकीची पद्धत'वर. चोवीसच्या चोवीस उलटे.

दोनशे प्रती आल्या. पहिल्या वर्गात वाटायला मीच गेले होते. मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मोठे डॉक्टर मागे बसले होते. पाचएक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका शिकाऊ मुलीने हात वर केला. तिने अगदी नम्रपणे विचारलं की मजकुरात तळहाताने दाबा असं आहे, पण फोटोत तळहाताखाली चुकीची पद्धत लिहिलंय, तर नक्की कसं करायचं?

मास्तरांनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. एक पान उलटलं, मग दुसरं, मग परत पहिलं. मला तेव्हाच कळलं. सांगायला कुणाची गरज नव्हती. चोवीस फोटो डोळ्यांपुढून सरकत गेले. मोठे डॉक्टर उठून पुढे आले, पानं चाळली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्ही हे तपासलं होतं ना? फॉर्मवर तसं आहे."

मास्तर माझ्याकडे वळले. संशयाने नाही, हेच मला अजून विसरता येत नाही. ज्याला आठवत असेल त्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं तेव्हाही असंच होतं का गं?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. त्या एका अक्षराला फार तर अर्धा सेकंद लागला असेल. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या प्रतीबद्दल विचारलं, तर ती रद्दीत गेली असंही मी सांगून टाकलं. ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती.

मास्तरांनी वर्गाची माफी मागितली. माझंच काहीतरी उलटसुलट सांगितलं गेलं असेल, आता वय झालं, असं म्हणाले. मग पुस्तिका बाजूला ठेवून एका मुलाचा हात हातात घेतला आणि करून दाखवलं. करताना दोनदा थांबले. मी त्यांना कधी थांबताना पाहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं, आठ दिवसांत सगळे विसरतील. सगळे विसरलेही, मास्तर सोडून. ते आता प्लास्टर घालून झालं की हाताखालच्या माणसाला बोलावून विचारायचे, बरोबर आहे ना रे. पेशंटचा डावा हात की उजवा हे कागदावर तीनदा बघायचे. दुपारी वर यायचं बंद केलं. जिन्यात भेटले की मीच घाईत असल्याचं सोंग करून निघून जायची. खण उघडायची वेळ आली की वरच्यावर हात घालून हवं ते काढायची आणि लगेच बंद करायची. घरी बहिणीने विचारलं, तुला काय होतंय, जेवत का नाहीस, तर तिच्यावरच खेकसले. त्यांना जाऊन सांगायचं असं रोज सकाळी ठरवायची. आणि रोज काहीतरी महत्त्वाचं टायपिंग निघायचं.

महिना झाला असेल. त्या दिवशीच्या स्मृतीच्या तपासणीच्या यादीची पानं सकाळी माझ्याकडे टाइप करायला आली. त्या विभागाला टायपिस्ट नव्हता, म्हणून दर आठवड्याला यायची. म्हाताऱ्या माणसांची नावं, शेजारी वय, शेजारी कुणी पाठवलं ते. सातव्या ओळीत मास्तरांचं नाव होतं. कुणी पाठवलं या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वतः'.

बोटं कळफलकावरच राहिली. मग मी खालचा खण उघडला, ती प्रत काढली आणि जिना उतरले. लिफ्टसाठी थांबले असते तर परत फिरले असते.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर मास्तर आणि त्यांची बायको बसले होते. काकूंच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुने रिपोर्ट. मास्तर मान खाली घालून ओठ हलवत होते. मागाहून कळलं, आत तारीख, वार, महिना विचारतात असं कुणी सांगितलं होतं, म्हणून ते पाठ करत होते.

मी प्रत त्यांच्या हातात दिली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मनोगत, सरकलेले फोटो, फॉर्मवरची खूण, रद्दीचं खोटं. शब्द अडखळत होते, पण थांबले नाही. मास्तरांनी एकेक पान उलटलं. पेन्सिलीच्या खुणांवरून अंगठा फिरवला. शेवटच्या पानापर्यंत जायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," ते म्हणाले.

"हो, मास्तर. चोवीसही."

त्यांनी डोळे मिटले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुस्तकाचं काय गं, पुस्तक परत छापता येतं. मी महिनाभर गॅस बंद केलाय का ते चार चार वेळा उठून बघतोय. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला तर आधी त्याने हाक मारायची वाट बघतो, चुकून भलतंच नाव निघायला नको म्हणून." मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "चल, घरी जाऊ."

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं; मी बोलत असताना चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मी संपवेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला लेखी ताकीद मिळाली. दोनशे प्रती परत गोळा केल्या. पुढच्या वर्गात मी स्वतः उभं राहून चूक कुणाची ते सांगावं, एवढं त्यांनी सांगितलं, आणि ते मी केलं. पुढच्या बाकावरची ती मुलगी सबंध वेळ वहीत बघत होती. माझ्याऐवजी तिलाच संकोच झाला होता.

पुस्तिका पुन्हा केली तेव्हा मास्तर परत स्टुलावर येऊन बसले. एक फोटो, एक ओळ, दोन्ही एका घरात, मग दुसरा. बारा दुपारी लागल्या. ते फक्त कामापुरतं बोलायचे, आणि मी त्याहून कमी. एकदा त्यांनी विचारलं की आता वर काही घातलं तर काय होईल? मी वर दहा रिकाम्या ओळी टाकून दाखवल्या. फोटो आणि ओळी बरोबरच खाली गेल्या. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे आधीच का नाही केलंस?" मी त्या दहा रिकाम्या ओळी पुसल्या.

नवी प्रत छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकू वर आल्या. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, तर बसायला आले नाही म्हणाल्या.

"त्या दिवशी घरी गेल्यावर ते रडले," काकू म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणून रडले. एवढं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते तुला माफ करून बसलेत, त्यांचा स्वभावच तसा. मी नाही केलं. तुला वाटेल आता सगळं मिटलं, म्हणून सांगायला आले."

काकू जायला वळल्या आणि त्यांनी दाराची चौकट धरली. त्यांना चांगलाच दम लागला होता. मी उठून पेल्यात पाणी आणलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, थोडा वेळ घेतलाच नाही, मग घेतला. शेवटी खुर्चीत बसल्या. श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, त्या भिंतीकडे बघत आणि मी माझ्या हातांकडे. मग उठल्या, पेला टेबलावर ठेवला आणि एकेक पायरी करत खाली उतरल्या. त्यांची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती.