टीचर, पायडल मारा!

ट्रिंग ट्रिंग! मी तंजावूरची लेडीज सायकल बोलतेय. रंग हिरवा होता, आता कुठेकुठे आहे. वय वर्षं पंधरा. घंटी हेच माझं तोंड आणि ते मिटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मद्रासहून मी गवतात गुंडाळून, सुट्ट्या तुकड्यांत आले. मनोजीअप्पा वीधी नावाच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्या नटराजनं मला जोडलं, चाक गरकन फिरवून पाहिलं, आणि तेव्हा मला जी चक्कर आली ती अजून उतरलेली नाही! त्याच्या दुकानातून मला बाळकृष्णरावांनी नेलं. ते तालुका कचेरीत कारकून. घरात आपली तंजावरी मराठी. म्हणून तर मी मराठी बोलते. तमिळ मी नटराजकडून शिकले, पण ती चारचौघांत बोलण्यासारखी नाही.

मला घेतलं होतं त्यांच्या मुलीसाठी, भामासाठी, कॉलेजला जायला. तिची आई वेंकूबाई कडाडल्या, "आमच्या घरची पोर सायकलीवर? शिव शिव!" पण भामा बसली आणि सुटली. तीन वर्षं नुसती धमाल केली आम्ही दोघींनी! मग भामाचं लग्न झालं, ती सासरी गेली आणि मी परसात. वेंकूबाई माझ्या हँडलवर ओली लुगडी वाळत घालायच्या. माणसं मोठी गमतीची असतात. जाण्यासाठी वस्तू आणतात आणि मग तिच्यावर कपडे वाळवतात.

पहिल्या दिवाळीला भामा माहेरी आली, माझी दशा पाहून भडकली आणि तिनं मला तडक गल्लीच्या टोकाला नेलं, जेबमणी टीचरच्या दारात. भामाला शाळेत शिकवलेल्या ख्रिस्ती बाई या. चाळिशीच्या, एकट्या, अतिशय प्रेमळ आणि अतिशय भित्र्या. गाय दिसली की रस्ता बदलायच्या, कालवा दिसला की डोळे मिटायच्या. भामाचं मन मोडवेना म्हणून मला ठेवून घेतलं खरं, पण बसल्या एकदाही नाहीत. दोन वर्षं त्यांनी मला हातानं ढकलत फिरवलं! कॅरिअरवर वह्या, आणि बाई बाजूनं पायी. मला इतकी लाज वाटायची, काय सांगू.

आणि १९५७ संपता संपता बाईंच्या चर्चचे पाळक घरी आले. ओरत्तनाडूच्या वाटेवर, कालव्यापलीकडच्या वाडीत मिशनची मुलींची शाळा होती. तिथले मास्तर आजारी पडून गावी गेले होते. जानेवारीतल्या पोंगलच्या सणानंतरच्या सोमवारी दहाच्या आत नवीन शिक्षिका हजर झाली नाही, तर शाळा बंद. बत्तीस पोरी शेतात निंदायला जाणार. साडेपाच मैलांची वाट, रोज पायी जाऊन-येऊन झेपणारी नाही, आणि बस पोचते अकराला.

"तुम्ही जाल का?" पाळकांनी विचारलं.

"देवाला विचारून सांगते," बाई म्हणाल्या. पाचावर धारण बसली होती त्यांची.

नव्या वर्षाच्या सकाळी चर्चमध्ये एक रीत असते. पितळी ताटात वचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येकानं प्रार्थना करून एक उचलायची. वर्षभरासाठी देवाचं सांगणं तेच. मी खिडकीला टेकून सगळं बघत होते. बाईंनी चिठ्ठी उचलली. ऊठ आणि जा, असं होतं तिच्यात. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चिठ्ठी हळूच परत ढिगाखाली सारली! दुसरी उचलली. भिऊ नकोस, पुढे हो. तीही खाली! तिसरीत निघालं, शांत बसून राहा. "आमेन!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की पाळकसुद्धा दचकले.

पण दोन आठवडे बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी पोंगल झाल्यावर शुक्रवारी त्या वेंकूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. वेंकूबाई फुलं ओवत होत्या. हातातली माळ तशीच राहिली.

"तीनदा उचललं तुमी? आमी देवळात कौल घ्यायला एका पुडीत लाल फूल बांधतो, एका पुडीत पांढरं. देवापुढे ठेवून एक उचलली की झालं. परत हात घालायचा नाही. आणि तुमचा देव गप्प बसला? फार सोशीक हो तुमचा देव!"

बाई आधी हसल्या, मग रडायला लागल्या. "मामी, भीती गेली की निघेन म्हणत होते. ती जातच नाही."

"ती कशाला जाते? तिला कॅरिअरवर बसवा आणि न्या!"

अय्यय्यो, मग काय तमाशा झाला भर गल्लीत! ज्यांनी मला शिव शिव म्हटलं होतं, त्याच वेंकूबाई नऊवारीचा काचा आवळून माझी सीट धरून मागे पळत होत्या. "टीचर, पायडल मारा! पायडल!" बाळकृष्णरावांच्या हातून कॉफीचा पेला सुटला. कोपऱ्यावर वेंकूबाईंना धाप लागली आणि त्या ओरडल्या, "मी सोडलं हो!"

"कळलं मामी!" बाई किंचाळल्या. "धरणारा दुसरा आहे!" आणि आम्ही दोघी थेट पेंढ्याच्या गाडीत. हसून हसून माझी चेन उतरली.

बाईंनी पाळकांना 'जाते' असा निरोप धाडला आणि सोमवारी साडेसातला आम्ही निघालो. पाच वेळा पडलो, पण कालव्यापर्यंत पोचलो. तिथं पूल म्हणजे ताडाची दोन खोडं, खाली फुगलेलं पाणी. पलीकडे बत्तीस पोरी रांगेत उभ्या. दहाला पंधरा मिनिटं कमी.

बाई थांबल्या. डोळे मिटले. "देवा, एक खूण दे."

काही झालं नाही. वारा नाही, पाखरू नाही. मी ओरडले असते, पण मला वाजायला अंगठा लागतो ना! जीव नुसता तळमळत होता. पाच मिनिटं गेली.

मग बाई मला म्हणाल्या, "त्यानं आता नवीन काय सांगायचं? सांगून झालंय. मीच ताटात लपवलं." आणि त्यांनी माझं पुढचं चाक दोन खोडांच्या मधल्या खाचेत घातलं आणि पायडल मारलं.

अंगठा घंटीवर होता आणि हात लटलट कापत होता. त्यामुळे मी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड वाजत होते! पोरींना वाटलं, टीचर खुशीत वाजवताहेत. त्या टाळ्या पिटत नाचायला लागल्या. दहाला दोन मिनिटं असताना हजेरीवर बाईंची सही पडली.

आज १९६७ साल आहे. शाळा आठवीपर्यंत झाली. जेबमणी टीचरचे केस पिकले, माझं मडगार्ड गेलं. पूल आला की बाई अजूनही घाबरतात, बरं का. नऊ वर्षं रोज घाबरताहेत आणि रोज जाताहेत! म्हणून वाचणाऱ्या माणसा, तुला कुठे जायला सांगितलंय हे ठाऊक असेल, तर थोडं घाबरून घे आणि नीघ.

मला आता रजा दे. शाळा सुटलीय, तिसरीतली सरोजा माझ्यावर चढलीय, तिचे पाय पायडलला पोचत नाहीत आणि समोर उतार आहे. हसू नकोस! आज घाबरायची पाळी माझी आहे. देवा, हँडल धर रे बाबा, आम्ही निघालो!