पुल्लाचा उपास

हिल्काने सगळी उमर शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. न जेवणारी पोरं तिला नवी नव्हती. गुरुवारचं मटाराचं सूप बघून नाकं मुरडणारी, बटाटे खिशात लपवणारी, सगळ्या तऱ्हा तिने पाहिल्या होत्या आणि सगळ्यांना शेवटी जेवायला लावलं होतं. पण वाढलेलं समोर ठेवून हप्त्यामागून हप्ते नुसतं बघत बसणारं गिऱ्हाईक तिला म्हातारपणीच भेटलं. ते म्हणजे पुल्ला.

पुल्ला हा तिच्या मुलाचा, किम्मोचा साप. अजगराच्या कुळातला, पण बेताचा, अडीचतीन हात लांब. घाबरला की डोकं आत घालून वेलदोड्याच्या गोड पावासारखा गोल होऊन बसायचा, म्हणून किम्मोने त्याला त्या पावाचंच नाव ठेवलं होतं.

हिल्काला सापाची मनस्वी किळस. उन्हाळ्यात रानात बेरी वेचताना गवत हललं, तर टोपली तिथे आणि हिल्का घरी. पण किम्मोचं सगळं हातचं गेलेलं होतं. दारूपायी नोकरी गेली, बायको गेली, गाडीचा परवाना गेला. टिकून राहिला तो एवढा एक साप, कारण शुद्धीत असो वा नसो, त्याच्या पेटीतला हीटर किम्मोने कधी बंद पडू दिला नव्हता. या हिवाळ्यात तो पहिल्यांदाच आपणहून व्यसनमुक्ती केंद्रात जायला कबूल झाला, आणि म्हणाला, "पुल्लाला तू सांभाळणार असशील तर." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती 'हो' म्हणून मोकळी झाली.

जाण्याआधी त्याने काचेची पेटी तिच्या मागच्या खोलीत मांडून दिली.

"ही बाजू गरम, ती बाजू जरा गार. त्याला हवं तिथे तो जाईल. थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. आणि आई, सकाळी उठून या खोलीची खिडकी उघडायची नाही."

"अरे, पण खोली घुसमटेल!"

"बाहेर उणे पंचवीस आहे. तुझी मोकळी हवा त्याच्या छातीत बसेल."

घराला रोज वारा न दाखवणं म्हणजे हिल्काच्या लेखी दात न घासणं. तरी तिने ऐकलं. खिडकी बंद ठेवली, पण मग स्वच्छतेची कसर दुसरीकडून भरून काढली. तिच्या घरात सतरंज्यांपासून सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या बाकांपर्यंत सगळं पाइनच्या तेलाच्या साबणाने धुतलं जायचं. तिच्या आईनेही तेच केलं होतं आणि आजीनेही. पुल्लाच्या पेटीलाही तिने तोच साबण लावला. पाण्याचं भांडं, लपायची लाकडी खोपटी, काचा, सगळं लखलखीत. खोलीत शिरलं की पाइनच्या रानात शिरल्यागत वाटायचं, आणि हिल्काला मनापासून समाधान व्हायचं.

उंदीर फ्रीझरमध्ये होते, पिशव्यांत गुंडाळलेले, ब्लूबेरीच्या डब्यांशेजारी. किम्मोने सांगितल्याप्रमाणे ती एक बाहेर काढून वितळवायची, कोमट करायची आणि तोंड दुसरीकडे फिरवून लांब चिमट्याने पेटीत धरायची. पुल्ला जवळ यायचा, जीभ दोनदा लवलवायची, आणि तो मागे सरायचा. दर वेळी तेच.

"माझ्या नवऱ्यालाही तुझं जेवण कधी आवडलं नाही," शेजारची आउने कॉफी पिता पिता म्हणाली. "पण तो निदान तसं बोलून तरी दाखवायचा."

"आउने, थट्टा नको गं. हा मेला तर किम्मो तिथे एक दिवस थांबायचा नाही."

आउनेने कप खाली ठेवला. "मग सांग की त्याला, खात नाहीये म्हणून."

"सांगू कशी?"

केंद्रातून रविवारी दुपारी फोन यायचा. पहिल्या रविवारी किम्मोचा आवाज थरथरत होता. "तो खातोय ना?" त्याने विचारलं, आणि हिल्काच्या तोंडून निघून गेलं, "खातोय की." दुसऱ्या रविवारी आवाज पुष्कळ सावरला होता. शब्द एकमेकांवर पडत नव्हते. किती वर्षांनी तिने लेकाचा असा आवाज ऐकला! आता खरं सांगायचं म्हणजे आपल्या हाताने त्यावर पाणी ओतणं. ती पुन्हा म्हणाली, "खातोय." आणि फोन ठेवून मागच्या खोलीत गेली, तर पुल्ला पेटीच्या हवेच्या जाळीला नाक लावून पडला होता. हल्ली तो खोपटीत जातच नव्हता. गरम बाजू, गार बाजू सगळी सोडून जाळीपाशीच असायचा. आपल्याला सापाची दया येतेय, याचंच तिला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी तिने खोटं जरा चांगलं सजवायचं ठरवलं.

"खाल्ला का गं?"

"खाल्ला तर! आज इतका आवडीने खाल्ला म्हणून सांगू. छान चावून चावून, सावकाश."

"आई, साप चावून खात नाही. अख्खं गिळतो."

हिल्का खुर्चीत बसली.

"'एकच बीअर घेतली' असं तुला सांगायचो ना, तेव्हा मीही असाच बोलायचो," किम्मो म्हणाला. "बीअर कुणी पाजली, टेबल कुठलं होतं, असलं काहीबाही वर घालून. मला कळतं ते. त्याने खाल्लंच नाहीये ना?"

"नाही रे. एकदाही नाही."

मग तिने सगळं सांगितलं. उंदीर कसा वितळवते, कसा धुते.

"धुते म्हणजे?"

"धुते म्हणजे काय? फ्रीझरमधून काढलेला मेलेला उंदीर! तसाच कसा वाढायचा कुणाला? पाइनच्या साबणाने स्वच्छ धुते, पुसते, मग गरम करते."

"उंदराला अंघोळ घालतेस?" किम्मोचा आवाज चढला. "अगं, त्याला वासावरून कळतं समोर काय आहे ते! त्याच्या दृष्टीने तू त्याला सतरंजी खायला घालतेयस! आणि पेटी? पेटीलाही तोच साबण?"

"हो," हिल्का कशीबशी म्हणाली. "तो जाळीला नाक लावून बसतो."

"त्याला श्वास घ्यायला होत नाहीये, आई! खिडकी बंद आणि आत तो साबण. मी येतो. चारची बस मिळेल मला."

चारची बस वाटेत काजानी गावाला येऊन थांबायची, आणि घराकडच्या पुढच्या बसला तिथे बराच वेळ होता. स्टँडवरून दारूचा बार समोरच दिसतो. किम्मोला ते ठाऊक होतं आणि त्याच्या आईलाही.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

"तो मरेल!"

"तू आलास तर तो वाचेल. तुझं काय? मला नको आहे तसा वाचलेला साप. काय करायचं ते मला सांग. मी करते."

"त्याला हाताने बाहेर काढावं लागेल. तुला नाही जमणार."

"सांग म्हटलं ना."

फोनचा स्पीकर लावून तिने तो पेटीशेजारी ठेवला. हीटर बंद केला. बाह्या वर सारल्या. किम्मो म्हणाला, वरून झडप घालू नकोस, बाजूने हात घाल, मधोमध आधार दे. हिल्काने डोळे मिटले, मग मिटून कसं जमणार म्हणून उघडले, आणि पुल्लाला उचललं. साप बुळबुळीत असतो असं ती जन्मभर धरून चालली होती. तो कोरडा होता, गुळगुळीत, आणि वाटला होता त्यापेक्षा जड.

"उचलला," ती म्हणाली. "आता?"

"स्वयंपाकघरात ने, तिथली हवा बरी असेल. स्वेटरच्या आत घे त्याला. तुझ्या अंगाची ऊब पुरेल. आणि पेटी नुसत्या उकळत्या पाण्याने धू. साबणाचा थेंब नको. पुन्हा पुन्हा धू. ती खोपटी फेकूनच दे, लाकडात मुरला असेल वास."

स्वेटरची बटणं लावून, पोटाशी साप घेऊन हिल्काने पेटी ओढत स्वयंपाकघरात आणली आणि घासायला घेतली. किटली उकळली, ओतली, पुन्हा उकळली. पुल्ला आधी आखडून बसला. मग हळूहळू सैल झाला, तिच्या कमरेभोवती एक वेढा घेऊन डोकं तिच्या काखेत खुपसून निपचित पडला. किम्मो फोनवर होताच. मधूनच विचारायचा, "श्वासाचा आवाज येतोय का? तोंड उघडतोय का?" आणि ती कान लावून ऐकायची आणि जे असेल तेच सांगायची.

"किम्मो, मला भीती वाटतेय," एकदा ती म्हणाली. "सापाची नव्हे."

"मलाही वाटतेय."

खोपटीच्या जागी तिने बुटांचं जुनं खोकं कापून ठेवलं. तोवर बाहेर पार अंधारून आलं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"बस?" तिने विचारलं.

"मघाशीच गेली," किम्मो म्हणाला. "कागद पसरलास का खाली? नीट पसर, कोपऱ्यात वर येऊ देऊ नकोस."

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "खाल्लं?"

"नाही. पण जाळीपाशी बसत नाही आता. खोक्यात झोपतो." मग तिने विचारलं, "आणि तू?"

"वाईट गेला आठवडा. दोनदा बॅग भरली."

"बरं," हिल्का म्हणाली. त्याची समजूत घालायच्या फंदात ती पडली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, आउने दारातून एका डोळ्याने बघत असताना, पुल्लाने न धुतलेल्या उंदरावर अशी झडप घातली की चिमटा हिल्काच्या हातून सुटला. आउने किंचाळली. हिल्का मात्र तो अख्खा आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग रविवारची वाट न बघता तिने केंद्रात फोन लावला. किम्मो बैठकीत आहे, निरोप असेल तर द्या, असं तिथली बाई म्हणाली.

"सांगा, पुल्लाने खाल्लं," हिल्का म्हणाली.

"लिहून घेते. एवढंच?"

"नाही, थांबा." हिल्काने डोळे पुसले. "खरंच खाल्लं, म्हणून सांगा. आई खरं बोलतेय म्हणावं."