टाकीबाहेरचे तीन तास

नाकाला रुमाल लावायचा असेल तर आधीच लावा, कारण मी मैलापाण्याच्या टाकीत बुडालेली गाळणी बोलतेय. कागदोपत्री मला ‘मेम्ब्रेन’ म्हणतात. हजारो पांढऱ्या, पोकळ धाग्यांचा माझा देह. तुम्ही मोरीत, संडासात जे सोडून मोकळे होता, ते इथे येतं. टाकीतले जिवाणू त्यातली घाण खातात आणि पंप माझ्या बारीक छिद्रांतून पाणी ओढून घेतो. जंतू बाहेर राहतात, स्वच्छ पाणी आत येतं.

या पाण्याने बस धुतात, बागा शिंपतात. पूर्वी त्यासाठी पिण्याचं पाणी जायचं; ते वाचलं आणि टेकडीवरच्या वस्तीला रोज दोन तास मिळू लागलं. आमच्या ऑपरेटरताईंची सासू तिथेच राहते. पूर्वी ती घागर घेऊन अख्खा उतार उतरायची.

माझं पथ्य एकच. एकदा भिजले की पुन्हा वाळायचं नाही. वाळले की छिद्रं मिटतात.

पाहुणे येणार ठरलं आणि मोठ्या साहेबांना मला मिरवायची हौस आली. टाकीत नुसता गाळ दिसतो, म्हणून मला धुऊन क्रेनला टांगायचा हुकूम सुटला. ताईंनी परोपरीने सांगून पाहिलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून साहेबांनी त्यांना उडवून लावलं.

पाहुणे तीन तास उशिरा आले. ऊन तापलं होतं. ताईंनी पाण्याची नळी आणली, तर साहेबांनी ती बंद करायला लावली. खालचा गालिचा भिजला असता ना! मग फोटो निघाले, टाळ्या पडल्या. माझ्या स्वच्छतेचं कौतुक चाललं होतं आणि मी मरत होते.

मला पुन्हा टाकीत सोडलं, पण दुसऱ्या दिवशी पाणी निम्म्यावर आलं. साहेबांनी अहवाल लिहिला: गाळणीच निकृष्ट, प्रकल्प बंद करावा, बस पूर्वीसारख्या पिण्याच्या पाण्याने धुवाव्यात. म्हणजे टेकडीचे नळ कोरडे. खाली ताईंची सही हवी होती.

“करून टाका सही. तुमच्यावर काही येत नाही,” साहेब म्हणाले.

“माझ्या सासूच्या डोक्यावर येतं, साहेब. भरलेली घागर.” ताईंनी रोजची नोंदवही उघडली आणि वाचलं, “‘साहेबांच्या आदेशावरून गाळणी तीन तास उन्हात.’ एवढी ओळ अहवालात घाला, लगेच सही करते.”

साहेबांनी अहवालाची घडी केली आणि खिशात कोंबली.

मग फिटरमामांनी मला दोन दिवस औषधाच्या पाण्यात भिजवलं. ते दोन दिवस टेकडी कोरडीच राहिली. मामांनी माझ्यात हवा सोडली आणि ज्या धाग्यातून बुडबुडे आले तो फुटका म्हणून बांधून टाकला. “नटून मिरवलीस ना? आता भोग,” असं पुटपुटत होते, पण हात मात्र हलके होते.

आज मी पाऊण क्षमतेने चालतेय. टेकडीला दीड तास पाणी जातं. काही धागे कायमचे गेले. उरलेले पंपाची ओढ सोसतायत आणि सोसत राहतील.

माझं कौतुक करायचंच असेल, तर टाकीच्या काठावर उभं राहून करा. मला बुडालेलीच राहू द्या. टेकडीचा अर्धा तास अजून मला भरून काढायचाय.