पाहुणचाराचा पहारा

गावचा प्रमुख, शेख मुकबिल, बहिणीकडे मधाची बरणी घेऊन आला, तेव्हाच वर्दाने ओळखलं की याचं काहीतरी अडलंय. एरवी हा गडी रिकाम्या हाताने यायचा आणि भाकरी खाऊन जायचा. आज बरणी आणली, तीही बोरीच्या फुलांच्या मधाची, म्हणजे काम मोठं असणार.

काम असं होतं. दुसऱ्या दिवशी मतदान होतं आणि ते बघायला परदेशातून माणसं आली होती. त्यांतली एक बाई त्यांच्या गावात, बैत हंजलला येणार होती. बघायचं आणि वहीत लिहायचं, बाकी कशात हात घालायचा नाही, एवढंच तिचं काम. खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी मागच्या आठवड्यात नुसती शाळा बघायला आलेल्या अशाच पाहुण्यांच्या गाडीवर दगड घातले होते. आता तिथे मतदारांपेक्षा शिपाई जास्त झाले होते. मुकबिलच्या मते हा शुद्ध गाढवपणा होता. दगड उचलायचाच कशाला, असं त्याचं म्हणणं. या डोंगरात पाहुण्याला जेवल्याशिवाय उठता येत नाही, आणि यजमानाने मनावर घेतलं तर जेवण दिवेलागणीपर्यंत पुरतं. बाईमाणूस म्हणून तिला वर्दाच्या घरी उतरवायचं आणि मतदान संपेपर्यंत ताटावरून हलू द्यायचं नाही, असा त्याचा बेत होता.

"तुझ्या हातचं सोडून कोण उठलंय आजवर, आक्का," तो म्हणाला.

शेखाचं डोकं सुपीक होतं, यात वाद नाही. पण वर्दासमोर तो शेख नव्हताच. त्यांची आई गेली तेव्हा हा रांगत होता, आणि कडेवर घेऊन घेऊन वर्दाची कंबर एका बाजूला कलली ती कललीच. मनात खोट असली की तो दाढी कुरवाळतो, हे त्याला मिसरूड फुटल्यापासून तिला ठाऊक होतं. आत्ता तो दाढीच कुरवाळत होता.

"अफ्राहचं कार्ड दे, मग बघते," ती म्हणाली.

हे कार्ड म्हणजे वर्दाच्या जिवाचा तुकडा होता. गावातल्या सगळ्या बायकांची मतदार कार्डं मुकबिलच्या पत्र्याच्या पेटीत असत. तुमच्याकडे हरवतील, असं सांगून त्याने ती गोळा केली होती. मतदानाच्या दिवशी त्याची बायको लतीफा ती कार्डं रुमालात बांधून शाळेतल्या मतदान केंद्रावर जाई. बायकांच्या खोलीत कारभाराला लतीफाचीच भावजय असे, आणि एकाच अंगठ्याने गावातल्या साऱ्या बायका मत देऊन मोकळ्या होत. शाई काय, लिंबू आणि राखेने घासली की जाते.

अफ्राह ही वर्दाची एकुलती एक लेक. नावं नोंदवायला सरकारी बाया कॅमेरा घेऊन आल्या, तेव्हा त्या पोरीचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला आणि कार्डावर डकवला गेला. तोच शेवटचा. पुढच्या वर्षी तिला अडलेल्या अवस्थेत गाढवावर घालून खाली दवाखान्यात नेत होते, आणि अर्ध्या उतारावरच ती गेली. बाळही गेलं. कार्ड मात्र पेटीतच राहिलं. मागच्या मतदानानंतर बायकांच्या बैठकीत लतीफा हसत हसत बोलून गेली की आपल्या अफ्राहनेही मत दिलं बरं का. सगळ्या हसल्या आणि मग एकेकीची नजर वर्दाकडे वळली. वर्दा उठून चुलीपाशी गेली आणि धुराचं निमित्त करून रडली.

तेव्हापासून ती कार्ड मागत होती आणि मुकबिल देतो देतो म्हणत होता. आताही त्याने तेच सांगितलं. उद्या संध्याकाळी, पेट्या बंद झाल्या की तिच्या हातात.

"म्हणजे उद्या ती पुन्हा मत देणार," वर्दा म्हणाली.

मुकबिल खाली बघायला लागला. गावाची मतं फुटली की गाव फुटतं आणि फुटलेल्या गावाला कुणी रस्ता देत नाही, हे त्याने तिला आधीही ऐकवलं होतं. आज तो एवढंच म्हणाला, की रस्ता असता तर अफ्राह असती. ते खरंच होतं. तिने बरणी ठेवून घेतली. एवढं एकदाच, तिने मनाला समजावलं, मग फोटो आपला.

दुसऱ्या दिवशी पाहुणी आली. इलोना तिचं नाव. साठी उलटलेली, उंच, हाडापेराने मजबूत, पण एक गुडघा पार कामातून गेलेला. गाडी चढणीच्या पायथ्याशीच थांबते, तिथून बाई पायी चढली होती आणि घामाने निथळत होती. तिच्याबरोबर बोलणं समजावून सांगायला ताइझ शहरातली इन्साफ नावाची मुलगी होती. आणखी एक परदेशी पुरुष होता, त्याला मुकबिलने परस्पर पुरुषांच्या बैठकीत नेलं आणि गालात धरून तासन्तास चघळायची गुंगीची हिरवी पानं भरायला बसवून टाकलं. त्याची चिंता मिटली.

वर्दाने मग हात सैल सोडला. आधी सुंठ घातलेलं कॉफीच्या टरफलांचं गरम किश्र दिलं, त्याबरोबर मनुका. मग दह्यात भिजवलेली भाकरी. बाई घड्याळाकडे बघून उठायला लागली, तर दगडी भांड्यात खदखदणारा मटणाचा रस्सा, सल्ता, पुढे आला, वर मेथीचा फेस. तो नाकारायचा म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं, हे इन्साफने बाईला हळूच सांगितलं आणि वर्दाकडे असं पाहिलं की वर्दा समजली, या पोरीला सगळं कळलंय. शहरातली असली तरी पोरगी याच मुलखातली होती.

"मावशी, अजून किती पदार्थ आहेत?" इन्साफने विचारलं.

"तू खा गं पोरी. हाडं दिसतायत तुझी," वर्दा म्हणाली आणि मधात न्हालेली, पापुद्रे सुटलेली गोड रोटी, बिंत अल-सहन, आणायला उठली. ती खाताना बाईने डोळेच मिटले. असं मनापासून खाणारं माणूस समोर असलं की यजमानीण फितूर व्हायला वेळ लागत नाही. वर्दाला आपलीच लाज वाटायला लागली. आपण हिला खाऊ घालतोय की कोंडून ठेवतोय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

त्या लाजेपोटी तिने तिळाचं तेल कोमट केलं आणि बाईचा गुडघा मांडीवर घेतला. बाई आधी अवघडली, मग भिंतीला टेकली. तेल जिरत होतं तशी ती बोलायला लागली, इन्साफ ते सांगत होती. नवरा वारला, मुलगा जहाजावर असतो, वर्षवर्ष दिसत नाही. तिने पाकिटातून मुलाचा फोटो काढून दाखवला. कोपरे झिजले होते, इतका तो हाताळलेला होता. वर्दाने तेलकट हात ओढणीला पुसून तो नीट धरला आणि मुलगा राजबिंडा आहे म्हणून सांगितलं. खरं तर कान जरा मोठे होते.

मग बाईने विचारलं, तुला मुलंबाळं? एक मुलगी होती, वर्दा म्हणाली. बाईने तिच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, तिचा फोटो आहे का?

"आहे. भावाकडे आहे," वर्दा म्हणाली.

बाईला ते कळेना. आईच्या मुलीचा फोटो मामाकडे कशाला, एवढंच तिने विचारलं. विचारण्यात काही डाव नव्हता. पण वर्दाच्या मनात आलं, माझी मेलेली पोर आज मत द्यायला जाणार आहे आणि तेवढा वेळ मी तुला इथे खाऊ घालतेय, हे सांगायचं तरी कसं. खिडकीतून शाळेचं अंगण दिसत होतं. उन्हं कलायला लागली होती. लतीफा रुमाल घेऊन निघायची हीच वेळ होती.

वर्दाने बाईचा पाय अलगद खाली ठेवला आणि उठून बुरखा चढवला.

इन्साफ म्हणाली, "मावशी, कुठे?"

"मत द्यायला. पाहुणीला घरात एकटं टाकून जायची आमच्यात रीत नाही. तेव्हा तिला म्हणावं, चल माझ्याबरोबर."

इन्साफने ते बाईला सांगितलं. बाईने वही उचलली. उताराच्या पायऱ्यांवर तिने वर्दाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि वर्दाच्या कललेल्या कमरेने तेही ओझं पेललं.

शाळेच्या दाराशी मुसइद बंदूक घेऊन उभा होता, दोघा बहीणभावांचा चुलतभाऊच. परदेशी बाईला आत सोडायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं. त्याने बंदूक आडवी धरली. मागे चारपाच माणसं उभी राहिली, एकाच्या हातात दगडही होता.

वर्दा थांबली नाही. "मुसइद, हिच्या पोटात माझं मीठ आहे," ती म्हणाली. "हिला हात लागला तर तो माझ्या घराला लागला. आणि माझं घर म्हणजे कुणाचं, ते तुला मी सांगायला नको."

मुसइदने बंदुकीकडे पाहिलं, बाईच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. ज्याच्या हातात दगड होता त्याने तो खाली टाकला, तोसुद्धा आवाज होणार नाही असा. घरचं मीठ खाल्लेल्या पाहुण्याला या डोंगरात कुणी अडवत नाही. ज्या रिवाजाने मुकबिलने बाईला बांधून घातलं होतं, तोच आता तिच्या पुढे चालत होता.

बायकांच्या खोलीच्या दाराशी मुकबिल उभा होता. शेजारी लतीफा, हातात गाठ मारलेला रुमाल. अंगणात भिंतीकडेला गावच्या बायका बसल्या होत्या, नुसत्या तमाशा बघायला, कारण दुसरं काम त्यांना नव्हतंच. बहिणीला आणि तिच्यामागून लंगडत येणाऱ्या पाहुणीला बघून मुकबिलचा चेहरा उतरला.

वर्दाने त्याच्यासमोर हात पसरला. "माझं कार्ड दे. आणि माझ्या लेकीचं दे."

"आक्का, इथे नको," तो पुटपुटला. "ती लिहील. घरी चल, तुझ्या पाया पडतो."

"घरी तू दोन वर्षं देतोयस, मुकबिल. माझी पोर एकदा मेली. तुम्ही तिला दर मतदानाला उठवता आणि संध्याकाळी पुन्हा मारता. मला नाही सहन होत रे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मुकबिलला बरं झालं असतं, तो उलट ओरडला असता. लहानपणी पडला-झडला की ज्या आवाजात ती त्याला जवळ घ्यायची, तो हा आवाज होता. मुकबिलचा हात दाढीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. मग त्याने कमरेचा पट्टा सैल केला, वाकडी कट्यार म्यानासकट काढली आणि वाकून वर्दाच्या पायाशी ठेवली. पुरुषाने कट्यार काढून समोर ठेवली, की मी चुकलो, आता तू म्हणशील तो निवाडा, असा त्याचा अर्थ. शेखाने एका बाईच्या पायाशी ती ठेवलेली मात्र आजवर कुणी पाहिली नव्हती.

लतीफा रडायला लागली. तिने आपणहून रुमालाची गाठ सोडली.

वर्दाने निवाडा द्यायला वेळ घेतला नाही. ज्यांची कार्डं त्यांच्या हातात, एवढं ती म्हणाली, आणि कट्यार उचलून भावाच्या हातात दिली. "बांध ती. शेख असा उघड्या कमरेने बरा दिसत नाही. आणि रात्री जेवायला ये, सल्ता उरलाय."

भिंतीकडेच्या बायका एकेक करून उठल्या. मुकबिल नाव वाचून कार्ड देत होता, डोळे पुसत होता, मध्येच त्याला नाव दिसेनासं होत होतं. काहीजणी कुणाला मत देणार ते त्याला सांगायला लागल्या, तर त्याने हाताने गप्प केलं. रस्त्याचं काय होईल ते त्याला आता माहीत नव्हतं.

शेवटी एकच कार्ड उरलं. ते त्याने दोन्ही हातांनी वर्दाला दिलं. अफ्राह फोटोत हसत होती. हसू नकोस, असं त्या सरकारी बाईने बजावलं होतं, म्हणून ओठ घट्ट मिटलेले, पण गाल सांगत होते. वर्दाने बुरख्याच्या टोकाने फोटो पुसला, त्यावर काहीच नव्हतं तरी पुसला.

इलोना जवळ आली. उघड्या वहीवर पेन टेकलेलं होतं. हे काय चाललंय, म्हणून तिने इन्साफला विचारलं. इन्साफने वर्दाकडे पाहिलं. मुकबिलही वर्दाकडेच बघत होता, लहानपणी काही फोडलं की बघायचा तसा.

वर्दाने फोटो बाईच्या हातात दिला, बाईने मुलाचा दिला होता तसाच.

"ही माझी अफ्राह," ती म्हणाली. "तिला लिहायला सांग, पोरी. अफ्राह आज मतदानाला आलेली नाही."

बाईने फोटोकडे बघत बघत ते लिहून घेतलं आणि फोटो परत दिला. वर्दाने तो उराशी आत ठेवला. मग आपलं स्वतःचं कार्ड घेऊन ती रांगेत उभी राहिली.