डावा गाल तेवढा राहू द्या

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं असतं तर बाई कुणाला बसवत नाहीत.

"मास्तर, दोघा जणांनी दुसरा शिकवणारा मागितलाय. तुमच्या शेजारी बसलं की टेन्शन येतं म्हणतात. महिनाभर बघू. नाहीतर तुम्ही इथे ऑफिसात बसा, फॉर्म भरून घ्या."

बायको जाऊन आठ महिने झाले होते. दिवसभरात मास्तरांच्या शेजारी कुणी येऊन बसायचं ते फक्त त्या गाडीत. तीही गेली तर मग उरलं काय, फॉर्म!

टेन्शन नेमकं कशाचं, हे विचारायची बुद्धी मास्तरांना झाली नाही. ते बाहेर आले, गाडीच्या आरशात पाहिलं आणि उत्तर स्वतःच देऊन टाकलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत खोल घड्या उतरलेल्या. मधलं तोंड म्हणजे शटर ओढलेलं दुकान. अशा माणसाच्या शेजारी कोण कशाला सुखाने क्लच सोडेल?

मेहुणीला फोन केला. तिच्याकडे सगळ्यावर उपाय असतो.

"फिलर करून घ्या, भाऊजी. सुईने घड्या भरून काढतात. मीही केलंय."

"तू? कधी? मला तर काही दिसलं नाही."

"दिसलं नाही ना? मग चांगलं झालंय!"

दवाखान्यात मेहुणी सोबत आली. सोबत म्हणजे पळून जाऊ नयेत म्हणून. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं विचारून घेतलं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, पूर्वी तोंडावर काही केलंय का.

"दाढी," मास्तर म्हणाले.

"आणि अपेक्षा काय आहे तुमची?"

"शेजारच्याला रडू येऊ नये, इतपत."

"तेवढं जमेल. पण तरुण वगैरे दिसणार नाही हं. घडी उथळ होईल, पुसली जाणार नाही. वर्षभराने हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं."

गालांना बधिर करायचं मलम लावून त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं. मास्तर मलम फासून बसले होते आणि मेहुणी मोबाइल समोर धरून हसत होती. "भाऊजी, हा फोटो मी फ्रेम करणार."

उजव्या बाजूपासून सुरुवात झाली. सुई टोचली तसा मास्तरांनी पाय खाली दाबला. दुखलं फारसं नाही, आत काहीतरी दाटून आल्यासारखं वाटलं. पुन्हा सुई, पुन्हा पाय.

"पाय सैल सोडा."

"सवय आहे हो. गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो."

उजवी बाजू झाली. बर्फ लावला. डॉक्टरीणबाई डावीकडे वळल्या आणि दिव्याखाली वाकून बघू लागल्या.

"ही बाजू जास्त खोल आहे. डाव्या कुशीवर झोपता का?"

"हो. तीस वर्षं."

"उशीवर गाल दाबला जातो ना, त्यानेही घडी वाढते. आता काही दिवस मात्र उताणं झोपायचं. सूज दोन-तीन दिवस राहील, निळा डाग कदाचित आठवडाभर. चोळायचं नाही, वाफ घ्यायची नाही. खूप दुखलं, कातडी पांढरी पडली किंवा नजरेत काही फरक वाटला तर लगेच फोन करायचा. उद्या बघू, असं म्हणायचं नाही."

बाकीचं मास्तरांनी नीट ऐकलं की नाही कोण जाणे. ते 'उताणं'पाशीच थांबले होते. डावीकडे तिची बाजू. तिची उशी अजून तिथेच होती, आणि मास्तर रोज तिकडे तोंड करूनच झोपायचे. उताणं झोपून छताशी काय बोलणार?

"डॉक्टर, डावा गाल तेवढा राहू द्या."

"अहो, एकच बाजू केली तर चेहरा वाकडा दिसेल!"

"चालेल. शिकणाऱ्याला माझी उजवीच बाजू दिसते."

मेहुणी खो-खो हसली. मग तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"ताई त्यांच्या डावीकडे झोपायची," ती डॉक्टरांना म्हणाली. "राहू द्या ती बाजू."

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "दोन आठवड्यांनी दाखवायला या. वाटलं तर तेव्हा करू. पण उजव्या कुशीवर अजिबात नाही."

"तिकडे कपाट आहे," मास्तर म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मेहुणी मुद्दाम त्यांच्या उजव्या अंगाने चालू लागली. "मला आपली चांगली बाजू बघू द्या."

सोमवारी पहिला तास बेकरीवाल्या बाईंचा होता. दुसरा शिकवणारा मागणाऱ्या दोघांपैकी एक त्याच. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, पट्टा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"दाढ का हो, सर?"

"हो," मास्तर म्हणाले. एवढा खटाटोप करून दाढ!

गाडी चौकाजवळ आली. पुढे एक सायकलवाला बऱ्याच अंतरावर होता. गाडी गचकन थांबली, मागून हॉर्न वाजले.

"बघा, पुन्हा!" बाई स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाल्या. "मी दाबायच्या आधी तुम्ही ब्रेक दाबता. तक्रार मीच केली, लपवत नाही. शेजारी बसून मला काही करूच देत नाही तुम्ही."

"मला वाटलं, माझा चेहरा..."

"चेहरा? मी रस्ता बघू की तुमचं तोंड? माझी जाऊ तुमच्याकडेच शिकली. म्हणायची, सर पाय मागे घेऊन निवांत बसतात. आणि आता? कुठे काही नसतानाही धाडकन!"

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय अजून ब्रेकवरच होता. कधीपासून, हे त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. दुखणं पायात होतं आणि सुया गालात घेतल्या होत्या. त्याही अर्ध्याच.

त्यांना हसू आलं. उजवा गाल ठणकला, म्हणून ते डाव्या बाजूनेच हसले.

"दाढ दुखेल, सर."

"दुखू द्या. डावीकडे घ्या."

त्यांनी पाय उचलून सीटखाली मागे घेतला. बाईंनी गिअर टाकला, गाडी थरथरली आणि जरा जास्तच आतून वळू लागली. कोपऱ्यावरचा खांब मास्तरांच्या खिडकीकडे सरकत आला. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून ठेवला.

खांब मागे गेला.