नत्थूजींचा खल आणि गोपिकेची झोप

मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे. मित्रांनो, नागपुरात महालातल्या एका घराच्या माळ्यावर सध्या मी पालथा पडलो आहे आणि माझ्या पाठीवर कोणीतरी जुन्या चपलांचा खोका ठेवला आहे. औषधं कुटायला आता यंत्रं आली, त्याला इलाज नाही. पण माझ्या पोटात काय काय कुटलं गेलं, हे त्या चपलांना कोणी सांगायचं? म्हणून तुम्हाला सांगतो.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. पाथरवटाने मला घाव पुष्कळ घातले, पण मी काही देव झालो नाही. मी नत्थूजी वैद्यांच्या बैठकीत येऊन बसलो आणि तिथे माझे फार छान दिवस गेले. सुंठ, ओवा, जायफळ, काय वाटेल ते माझ्यात पडायचं आणि बत्ता दणदण नाचायचा. एकच वस्तू नत्थूजी हलक्या हाताने घोटत, ती म्हणजे विजया. विजया म्हणजे भांगेचं पान. जुनाट दुखण्याच्या माणसासाठी ते थोडंसं वापरत.

त्यांच्याकडे तिच्या दोन बरण्या होत्या. एका बरणीत पहाडाकडचं काळपट पान होतं. नत्थूजी म्हणत, त्याने ठणका कमी होतो, पण झोप येत नाही. दुसरीत मैदानातलं फिकट पान, झोप आणणारं. कोणाला कोणतं द्यायचं हे ठरवण्याआधी ते रोग्याला इतके प्रश्न विचारत की बाहेर बसलेले लोक कंटाळून चहा पिऊन येत. मग ते पान फडक्यात बांधून, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत धूत, वाळवत, तुपात परतत आणि शेवटी माझ्याकडे आणत. न धुतलेलं पान माझ्या अंगाला चिकटे. ते मला मुळीच आवडत नसे.

सत्तर सालाच्या आसपास काटोलहून गोपिका नावाची बाई आली. सोबत तिचा नवरा शालिकराम होता. संत्री तोडताना ती शिडीवरून पडली होती आणि तेव्हापासून कंबर तिला आडवं होऊ देत नव्हती. कित्येक वर्षं ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्या डुलक्या घेत होती.

"माही जाऊ म्हणते, कामाच्याच येळेस कशी दुखते वं तुझी कंबर," ती नत्थूजींना म्हणाली. "मले दुसरं काही नाही पाहिजे, वैद्यजी. एक रात आडवं होऊन झोपाचं हाय."

तिच्या जावेचं, वच्छलाचं, बोलणं तिला कंबरेपेक्षा जास्त लागलं होतं. मला तर दगड असून गलबलून आलं.

नत्थूजींनी आधी काळपट पान दिलं. ठणका थोडा कमी झाला, पण झोप काही येईना. मग त्यांनी बरणी बदलली. फिकट पान घोटून बारीक गोळ्या केल्या आणि महाशिवरात्रीच्या तोंडावर तिच्या हाती दिल्या.

शिवरात्र झाली आणि दोघं परत आली, तेव्हा गोपिकेचा चेहरा पांढरा पडला होता. गोळी घेतल्यावर म्हणे भिंती हलायला लागल्या, जमीन खाली खाली चालली, आणि ती रात्रभर शालिकरामचा सदरा धरून रडत बसली. आता तिला औषधाचं नाव नको होतं.

"त्या दिवशी दुसरं काय खाल्लं होतं?" नत्थूजींनी विचारलं.

"काहीच नाही जी, उपास होता," दोघंही एका सुरात म्हणाली.

नत्थूजींनी फिकट पानाची बरणी उचलून वरच्या फळीवर, मागे ढकलून दिली. आपलंच पान चुकलं असं त्यांना वाटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिसरं पान त्यांच्याकडे नव्हतं. गोपिका भिंत धरून उठली. आता ही बाई जन्मभर बसूनच झोपणार, असं मला वाटलं.

जाता जाता तिने पदराची गाठ सोडली. "यात्रेतला महादेवाचा प्रसाद हाय, वैद्यजी. तुमच्यासाठी ठेवला होता."

पेढ्यासारखी हिरवट गोळी होती. नत्थूजींनी ती कपाळाला लावली, मग नाकाशी नेली आणि थबकले. त्यातला एक तुकडा माझ्यात टाकून त्यांनी घोटला. तो माझ्या अंगाला असा चिकटला की विचारू नका. न धुतलेली, कच्ची भांग!

"हा तुम्ही त्या दिवशी खाल्ला?"

"हो," शालिकराम म्हणाला. "म्याच देल्ला. दोन गोळ्या खाल्ल्या तिनं."

"मंग मले काहून सांगितलं नाही गा?"

"तुम्ही काय खाल्लं म्हणून इचारलं, वैद्यजी," गोपिका गोंधळून म्हणाली. "परसाद काय खाण्यात मोजतेत?"

नत्थूजी आधी कपाळाला हात लावून बसले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चोर सोडून संन्याशाला सुळी झाली होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि फिकट पानाची बरणी खाली काढली.

गोपिका घाबरतच होती. नत्थूजींनी तिला समजावलं, "प्रसाद चिमूटभर घ्यावा, औषध मापानं घ्यावं, आणि दोन्ही एका दिवशी घेऊ नये." गोळी आधीपेक्षा निम्मी केली. जेवल्यावरच घ्यायची, आणि आणखी काहीही तोंडात टाकलं तर सांगायचं, असं दोघांकडून कबूल करून घेतलं.

पुढच्या बाजाराला शालिकराम एकटाच आला. नत्थूजींच्या हातातला बत्ता थांबला.

"गोपिकाबाई कुठं हाय?"

"झोपून राहिली जी." शालिकरामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आडवी, कुशीवर. माह्या संगं येनार होती, पण बस गेली तरी म्या उठवलं नाही. वच्छला भांडे घासाले बसली होती. तिलेबी म्हटलं, आवाज नको करू. तिनं भांडे आंगणात नेले."

नत्थूजींनी बत्ता माझ्या कडेला हळूच टेकवून ठेवला.

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा खोका काढला नाहीत तरी चालेल. पण घरात कोणी दुखतं म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना. भांगेच्या पानाशी आपल्या मनाने खेळू नका, ते वैद्याचं काम आहे. आणि वैद्याने काय काय खाल्लं विचारलं, तर प्रसादसुद्धा सांगा. महादेव रागावत नाही.